हत्यारांना आरसी बुक नसतं

रात्रीच्या नाकाबंदीत पोलिसांनी अडकवलेली माझी व्हॅन दुसऱ्या दिवशी दुपारी परत मिळाली. आरसी, विमा, पीयूसी, लायसन दाखवलं, एका रजिस्टरमध्ये सही केली आणि चावी हातात आली. आतली हत्यारांची पेटी मात्र पोलीस ठाण्यातच राहिली. ती सोडवायला कोर्टाची पायरी चढावी लागली. सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसीवाले, फॅब्रिकेटर, जो कोणी गाडीत सामान टाकून रात्री-अपरात्री फिरतो त्याच्या कधीतरी कामी येईल म्हणून ही हकीकत लिहितोय.

मी सुतारकाम करतो. घरांपेक्षा ऑफिसांची कामं जास्त. ऑफिसात दिवसा ठोकाठोक चालत नाही, त्यामुळे बिल्डिंगवाले संध्याकाळी आठनंतरच आत सोडतात आणि आम्ही मध्यरात्रीच्या आसपास बाहेर पडतो. हे दिवस २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे होते. मतदान २० नोव्हेंबरला होतं, आणि त्याआधी प्रत्येक मोठ्या नाक्यावर बॅरिकेड, तंबू आणि स्थिर सर्वेक्षण पथक. ही पथकं मुळात रोकड, दारू आणि वाटपाच्या वस्तू शोधायला असतात. पन्नास हजारांच्या वर रोख सापडली तर तिचा हिशेब द्यावा लागतो, हे तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं. माझ्या खिशात पन्नास हजार आयुष्यात कधी एकदम नसतात, म्हणून मी निवांत होतो.

गाडी बाजूला घेतली. एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता. मागचं दार उघडलं, पेटी खाली उतरवली, झाकण उघडलं. आत काय असणार? पटाश्या म्हणजे लाकडाच्या छिन्न्या, रंधा, लाकूड तासायचा वाकस, कानशी, हातोड्या, चौकटी उखडायची कटावणी, ड्रिल, ग्राइंडर. आणि एका डब्यात जुन्या दारांची काढलेली लॅच, कुलपांचे सिलिंडर आणि किल्ल्यांचे जुडगे. दार बदललं की जुनं कुलूप कोणी नेत नाही, आम्ही ठेवतो, स्प्रिंग-स्क्रू कामाला येतात. सुताराच्या पेटीत हे असायचंच. पण त्या भागात त्याच महिन्यात बंद फ्लॅट फुटले होते, आणि 'कटावणी, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड असे घरफोडीचे साहित्य जप्त' ही बातमी तर आपण सगळेच दर आठवड्याला वाचतो. किल्ल्यांचा डबा उघडल्यावर हवालदारांचा सूर बदलला. आधी "मिस्त्री, काय सामान?" म्हणणारा माणूस "हे कुठून आणलं रे?" वर आला.

नाकाबंदीवरच्या माणसाची बाजू मला कळत नाही असं नाही. रात्री पाऊण वाजता बॅटरीच्या उजेडात माझी पेटी आणि चोराची पेटी यांत फरक करायचा तर पेटीकडे नाही, माणसाकडे बघावं लागतं. हात बघा, नखांत अडकलेलं फेविकॉल बघा, अंगावरचा भुसा बघा. ते मी बोललोही. फोनमधले कामाचे फोटो दाखवले. साहेब म्हणाले, "फोटो कोणीही ठेवतो."

मग कायदा निघाला. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधलं कलम १२२. सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत कायदेशीर कारणाशिवाय घरफोडीचं साधन जवळ बाळगणं हा त्यात गुन्हा आहे, आणि कारण होतं हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर. म्हणजे मी चोर आहे हे त्यांनी दाखवायचं नाही, मी चोर नाही हे मी दाखवायचं. शस्त्र कायद्याचंही नाव निघालं. माझी दोन इंची पटाशी त्यांनी मोजली, तीही माझ्याच टेपने. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची गोष्ट शस्त्र नियमांत येते, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. ही दुसरी अर्धी ओळ मला वकिलांकडून नंतर कळली. त्या रात्री फक्त पहिली अर्धी ओळ रस्त्यावर हजर होती.

ठाण्यात नेलं. सोबतचा पोरगा घाबरून गप्प झालेला. त्याला पहाटे सोडलं, मला सकाळी. गुन्हा दाखल केला नाही. ठाणे दैनंदिनीत नोंद झाली आणि पेटी 'संशयास्पद मालमत्ता' म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली जप्त झाली. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तोवर हेच काम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली व्हायचं. ठाण्यातल्या लेखनिकांच्याही बोटांवर अजून १०२ च बसलेला होता, एकदा खोडून १०६ केला.

पंचनाम्यावर मी अडून बसलो, आणि पुढचं सगळं त्यावर तरलं असं माझं मत आहे. पहिल्या मसुद्यात होतं, 'लोखंडी पेटीत लहानमोठी धारदार हत्यारे व घरफोडीचे साहित्य'. संपलं. नग नाही, नाव नाही, खूण नाही. मी म्हटलं, साहेब, सही करतो, पण एकेक लिहा. ते वैतागले. पण रात्रपाळीचे एक जुने जमादार होते, त्यांच्या घरी म्हणे कोणी गवंडीकाम करायचं. ते म्हणाले, "लिही रे, नाहीतर उद्या आपल्याच अंगाशी येतं." मग मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. पाऊण इंची पटाशी, लाकडी मूठ, मुठीवर कोरलेली खूण. एक इंची. दोन इंची. वाकस एक, दांडा बाभळीचा. ड्रिल मशिन, कंपनीचं नाव, सिरियल नंबर. पंच म्हणून थांबवलेला रिक्षावाला जांभया देत होता, त्याचा धंदा बुडत होता, त्याची मला खरंच लाज वाटली. शेवटी सगळ्यांच्या सह्या झाल्या. प्रत मागितली तर "उद्या या" झालं, म्हणून परवानगी घेऊन फोनमध्ये फोटो काढला. प्रत नंतर मिळाली, पण तोवर त्या फोटोवरच काम चाललं.

व्हॅन मिळाली त्या दुपारीच मी पेटीचं विचारलं. उत्तर एकच, "पावत्या आणा." ड्रिल आणि ग्राइंडरची बिलं ऑनलाइन होती, ती काढली. पण पटाशीची पावती कोण ठेवतं? त्यातल्या निम्म्या माझ्या उस्तादांच्या. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी काम सोडताना माझ्या हाती दिलेल्या. वाकस तर लोहाराकडून करून घेतलेला. तो लोहार गेला, त्याची भट्टीही गेली. गाडीला आरसी बुक असतं म्हणून ती एका दिवसात सुटली, आणि जिच्यावर पोट चालतं ती पेटी मालकीचा कागद नाही म्हणून अडली.

मधल्या काळात काम थांबवता येत नाही. ओळखीच्या एका मिस्त्रींनी त्यांच्या जादा पटाश्या दिल्या. दुसऱ्याची पटाशी हातात घेतली की पहिल्या सांध्यातच कळतं, धार वेगळ्या कोनात लावलेली असते, मूठ वेगळ्या तळव्याला घासलेली असते. काम होतं, पण हात बिचकतो. ऑफिसवाल्यांना उशीर झाला, त्यांनी पुढचं काम दुसऱ्याला दिलं. याची भरपाई कुठल्या कलमाखाली मिळते ते मी विचारलंसुद्धा नाही.

वकीलबाई एका गिऱ्हाइकाच्या ओळखीतून मिळाल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सगळा मामला उलटा करून दाखवला. "मिस्त्री, पावती कोणी मागितली तुम्हाला?" म्हटलं, पोलिसांनी. म्हणाल्या, "कायद्यानं नाही मागितली." त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०३ त्यांनी वाचून दाखवलं. जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्यांना दिली गेली आहे पण माल कुठल्या चौकशीत वा खटल्यात कोर्टापुढे हजर केलेला नाही, अशा वेळी दंडाधिकारी तो माल 'ताब्यात ठेवण्याचा हक्क' असलेल्या माणसाला देऊ शकतात. मालकीचा वाद तिथे सोडवायचा नसतो. तुमच्या हातात ती वस्तू रीतसर होती, रोज होती, तुमच्या धंद्याची होती आणि दुसरा कोणी तिच्यावर दावा सांगत नाही, एवढं दिसलं तरी बाजू भक्कम होते. त्या बिलांच्या मागे लागून मी नुसती वणवण केली होती.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती ऐकून राग आला. कलम १०६ मध्येच अशी तरतूद आहे की तपासासाठी माल ठाण्यात ठेवायची गरज उरली नसेल, तर पोलीस स्वतःच बंधपत्र लिहून घेऊन तो ताब्यात देऊ शकतात, कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करायच्या अटीवर. म्हणजे कोर्टात न जाताही सुटू शकलं असतं. आम्ही तसा लेखी अर्ज ठाण्यात दिला, पोच घेतली. उत्तर आलं नाही. बाई म्हणाल्या, "उत्तरासाठी नाहीच दिला. आपण मागितलं होतं हे कोर्टाला दिसायला दिला."

त्यांनी एक गंमतही सांगितली, चहा पिताना. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, तिच्या कलम ६० मध्ये कारागिराची हत्यारं हुकूमनाम्याच्या वसुलीत जप्त करता येत नाहीत असं स्पष्ट आहे. सावकाराचं कर्ज बुडवलं, कोर्टानं वसुलीचा हुकूम दिला, तरी बेलीफ माझ्या रंध्याला हात लावू शकत नाही. का, तर हत्यार नेलं तर तो कमावणार कसा आणि फेडणार कसा? फौजदारी बाजूला असं काही नाही. मी कुणाचं एक रुपयाही देणं लागत नव्हतो आणि माझी पेटी आत होती.

पुरावा जमवताना मात्र चांगलीच फिरफिर झाली. सगळ्यात पक्का कागद त्या रात्रीच्या ऑफिस बिल्डिंगमध्येच होता. तिथे आत जाताना सिक्युरिटीवाले हत्यारांची यादी करून घेतात, बाहेर पडताना ती ताडून शिक्का मारतात, नाहीतर सामान बाहेर जाऊ देत नाहीत. त्या रात्रीच्या गेटपासवर माझी पटाशी, ड्रिल, कटावणी, सगळं होतं, आणि बाहेर पडल्याची वेळही होती, पकडलं त्याच्या वीस मिनिटं आधीची. पण प्रत त्यांच्याकडे. मॅनेजर म्हणाले पोलिसांच्या भानगडीत कंपनीला ओढू नका. त्यांचंही बरोबर असेल. शेवटी ज्या ऑफिसचं काम केलं त्यांच्या ॲडमिनमधल्या मॅडमनी स्वतःच्या अधिकारात पत्र दिलं, या दिवशी या वेळेत हे मिस्त्री आमच्याकडे काम करत होते, आणि गेटपासची झेरॉक्स जोडली. त्यांचे उपकार मोठे.

दुसरा पुरावा बायकोनं शोधला. खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून, पाटावर मांडून पूजतो. दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा तो फोटो तिच्या फोनमध्ये होता. झेंडूच्या फुलांत मांडलेल्या पटाश्या ओळीनं, मुठीवरच्या खुणा स्पष्ट, वाकसावर हळदकुंकू, आणि फाइलमध्ये तारीख ऑक्टोबरची. तिच्याकडे मागच्या वर्षीचाही फोटो निघाला, त्याच पटाश्या, तोच वाकस. वकीलबाईंनी दोन्ही फोटो मोठे करून पंचनाम्यातल्या नगांशी क्रमांक लावून जोडले. एकेक लिहून घेतलेला तो पंचनामा इथे उपयोगी पडला. 'लहानमोठी धारदार हत्यारे' याच्याशी कुठला फोटो जुळवणार होतो?

तिसरं, पीएम विश्वकर्मा योजनेचं ओळखपत्र. ही योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, अठरा पारंपरिक व्यवसायांत सुतार येतो, प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं, शिवाय हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर. मी नोंदणी व्हाउचरसाठी केली होती. ते कार्ड सुतार असल्याचा पुरावा म्हणून चालेल हे डोक्यातही नव्हतं. सरकारच्याच एका खात्यानं मला सुतार म्हणून शिक्का मारलाय, दुसरं खातं विचारतंय तू कशावरून सुतार. कार्ड जोडलं. जप्तीच्या चित्रीकरणाची मागणीही अर्जात घातली, कारण नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता करावंच लागतं आणि ते दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. त्यात मी तिथल्या तिथे काय सांगितलं ते असणारच होतं.

कोर्टाचं म्हणाल तर तिथे बसून राहणं हेच मुख्य काम. अर्ज दाखल झाला, पोलिसांचा आणि सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवला. से आला नाही, पुढची तारीख. मग आला. अर्जदाराने मालकीच्या पावत्या सादर केल्या नाहीत, हत्यारे घरफोडीत वापरता येण्याजोगी आहेत, परत दिल्यास गैरवापर होण्याची शक्यता, सबब अर्ज नामंजूर व्हावा. गैरवापर शब्दावर मी बाईंकडे पाहिलं, त्यांनी डोळ्यांनीच गप्प बसवलं.

बाईंनी सर्वोच्च न्यायालयाचा सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा २००२ चा निकाल पुढे केला. जप्त माल ठाण्यात पडून राहू नये, फार तर पंधरा दिवस ते महिनाभर, आणि पंचनामा, फोटो, बंधपत्र घेऊन तो सोडावा, असं त्यात आहे. हा निकाल ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्यांसाठी जास्त ऐकू येतो, पण पटाशीही लोखंडाचीच. न्यायाधीश मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला, रात्री का काम करता? मी सांगितलं, दिवसा ऑफिस चालू असतं. त्यांनी गेटपास पुन्हा बघितला, फोटो बघितले. एवढंच. त्यानंतरच्या तारखेला आदेश झाला. माल सुपूर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळायच्या लेखी हमीवर, परत, पंचवीस हजारांचं बंधपत्र, एक जामीनदार, फोटो काढून ठेवायचे.

अटींच्या मसुद्यात छापील ओळ होती, मालमत्ता विकणार नाही, हस्तांतरित करणार नाही, तिच्या स्वरूपात बदल करणार नाही. गाड्यांसाठी ठीक. मी बाईंना विचारलं, पटाशीला धार लावली की ती झिजते, महिन्याकाठी दिसेल इतकी आखूड होते, मग हा स्वरूपात बदल की नाही? उद्या कोणी मोजलं तर? त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या, आणि 'नेहमीच्या व्यावसायिक वापराने होणारी झीज वगळून' असे शब्द घालून घेतले. कोर्टाच्या लिपिकांनी मान वर करून पाहिलं. मला वाटतं त्यांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच झालं असावं.

आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन ठाण्यात गेलो. मुद्देमाल कारकून रजेवर, किल्ली त्यांच्याकडे. ते आले तेव्हा चांगले वागले, पंचनामा समोर ठेवून एकेक नग मोजून दिला. पटाश्यांवर गंज चढला होता, खोलीत ओल होती. काटकोन बघायचा गुण्या आणि ड्रिलच्या पात्यांचा डबा सापडला नाही. मी म्हटलं, हे पेटीतच होतं. ते म्हणाले, "यादीत नाही ना? यादीत नाही म्हणजे जप्तच नाही." वाद घालण्यात अर्थ नव्हता. पहाटे तीन वाजता, झोपाळलेल्या पंचांसमोर, शेवटचे चार नग लिहायचे राहिले असतील. जुन्या किल्ल्यांचा डबा मात्र यादीत होता आणि तो इमानदारीत परत मिळाला.

आता गाडीत एक प्लॅस्टिकचं पाकीट असतं. त्यात पेटीतल्या हत्यारांची छापील यादी, फोटो, विश्वकर्मा कार्डाची झेरॉक्स आणि त्या त्या दिवसाच्या गेटपासचा फोटो, कारण मूळ प्रत सिक्युरिटी सोडत नाही. हत्यारांच्या लोखंडावर आकडे ठोकायच्या पंचानं (नंबर पंच) स्वतःचे आकडे मारून घेतलेत. मुठीवरच्या कोरलेल्या खुणा मूठ बदलली की जातात, हे कोर्टात फोटो जुळवताना लक्षात आलं. जुनी कुलपं वर्कशॉपमध्येच ठेवतो. या सगळ्यानं नाकाबंदी टळेल असं नाही, मध्ये एकदा पुन्हा अडवलंच. त्या पोरसवदा शिपायानं पाकीट उलटंपालटं केलं, यादी वाचली, आणि "मिस्त्री, आमच्या दाराचं लॅच अडकतंय, किती घ्याल?" विचारलं.

चौकशी कागदावर अजून बंद झालेली नाही, त्यामुळे बंधपत्रही कायम आहे. पोलिसांचा अहवाल आला की ते रद्द करायचा अर्ज द्यायचा आहे. बाईंनी तो टाइप करून ठेवलाय, फक्त तारखेची जागा रिकामी आहे.